कानूना झाक

चिठ्ठी परत आली ती लाल शाईने. शमूनी चौथ्या मजल्याचे जिने चढत होती, लिफ्ट बंद, हातात भाजीची पिशवी. खाली इमारतीच्या दारात शम्माशा इस्हाकने पाठवलेलं पाकीट कुणीतरी टाकून गेलेलं. तिने ते जिन्यातच फोडलं, कारण वर पोचेपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. आत तिच्याच अक्षरातली, कोशासाठी लिहिलेली चिठ्ठी होती. कानूना. अर्थ एक, चूल, घरातली जमिनीतली चूल. अर्थ दोन, त्यावरूनच थंडीच्या दोन महिन्यांचं नाव. दुसऱ्या अर्थावर बरोबरची खूण होती. पहिल्या अर्थावर आडवी लाल रेघ मारून शम्माशाने खाली लिहिलं होतं: 'चूल? असं आज कोण म्हणतं? जिवंत माणूस दाखवा. नाताळच्या सणापर्यंत.' बस, एवढंच. पण शमूनीचा पाय पायरीवर तसाच राहिला. पिशवीतला एक टोमॅटो निसटून जिन्यावरून खाली गेला तरी तिने वळून पाहिलं नाही. कुणीतरी आपलं घर नकाशावरून खोडलं आणि वर अगदी सभ्यपणे पुरावा मागितला, असं तिला वाटलं.

रागवायला जागा नव्हती, कारण नियम तिनेच सुचवलेला होता. बगदेद्याचे ख्रिस्ती लोक युद्धात गाव सोडून शहराला लागून असलेल्या अंकावात आले, कोणी शाळेच्या वर्गात राहिले, कोणी तंबूत, मग कोणी स्वीडनला, कोणी मेलबर्नला गेले, आणि दोन वर्षांत मुलांच्या तोंडची सूरथ भाषा पातळ होऊ लागली. तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत सहासात जणांनी बसून ठरवलं की आपल्या बोलीचा कोश करायचा. शम्माशा इस्हाक, म्हणजे चर्चमधला वाचक-उपाध्याय, मुख्य झाला, कारण त्याला जुनी पुस्तकी भाषाही येत होती आणि तो कुणालाही नाही म्हणू शकत होता. शमूनी पस्तीस वर्षं शाळेत शिकवत आलेली बाई, तिच्या वाट्याला काफ, म्हणजे क हे अक्षर आलं. तेव्हा तीच म्हणाली होती की प्रत्येक अर्थाला बोलणाऱ्याचं नाव हवं, वय हवं, गल्ली हवी, आणि त्याच्या तोंडून याच वर्षात ऐकलेलं एक वाक्य हवं. लिहिणाऱ्याची स्वतःची साक्ष चालणार नाही, नाहीतर जो तो आपल्या आजीच्या नावावर काहीही खपवेल. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता आपलाच दात आपल्याच ओठाला लागला होता.

तिने लगेच फोन लावला. 'शम्माशा, शब्द तुम्हालाही माहीत आहे.'

'मला पुस्तकातला माहीत आहे, बाई,' शम्माशा म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी जनरेटर धडधडत होता. 'आपल्याही आधीचा आहे तो. बाबेलच्या लोकांच्या विटांवर तो आहे, देवळात शेगडी पेटवायच्या महिन्याला त्यांनी तेच नाव दिलं, त्यांच्याकडून आपल्याकडे आला, आपल्याकडून अरबांकडे गेला. तीन हजार वर्षं चालत आलाय. पण मी पुरातन वस्तूंचं संग्रहालय काढत नाहीये. लोक बोलतात ते लिहितोय. लोकांच्या तोंडी महिना उरला, चूल गेली.'

'गेलेली नाही.'

'मग माणूस आणा. चोवीस तारखेला काफ छापायला जातंय. तुमच्या शब्दासाठी मी छापखाना थांबवणार नाही.'

तिने माणूस शोधायला सुरुवात केली. अंकावाच्या चर्चच्या अंगणात उन्हाला बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे गेली, हातात विजेचं बिल दाखवत आडून आडून विचारलं की हिवाळ्यात घर कशाने गरम करायचो आपण. 'सोपा,' एक म्हणाला, 'ती रॉकेलची शेगडी.' त्याआधी? 'त्याआधी माझी बायको तरुण होती,' दुसरा म्हणाला आणि सगळे खोकेपर्यंत हसले. तिसऱ्याला आठवलं की त्याची आजी काहीतरी म्हणायची खरी, क वरूनच होतं काहीतरी. मेलबर्नच्या मावसबहिणीने फोनवर तिचा गॅसचा पाच बर्नरचा ओटा फिरवून फिरवून दाखवला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. शमूनीला घरोघरी निळी ज्योत दिसत होती. आणि हे सगळं करताना तिला आतून पक्कं ठाऊक होतं की ती नुसती फेऱ्या मारतेय. तो शब्द पूर्वी रोज, दिवसातून दहा वेळा, चूल या अर्थाने बोलणारं एक माणूस जिवंत होतं. ते तिच्या आईचं, यिम्माचं तोंड होतं. आणि ते तोंड त्या शब्दापुरतं चार वर्षं बंद होतं, शमूनीमुळे.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधल्या त्या दिवसाकडे ती सरळ कधी पाहत नसे, कडेने पाही. पण विजेचा हीटर तापून लाल झाला की त्याचा वास यायचा, आणि वासामागून तो दिवस यायचा. गहू उकडण्याचे दिवस होते. यिम्माच्या अंगणात मोठा हंडा चढलेला, वर्षभराच्या बुर्गुलचा, म्हणजे गव्हाच्या दलियाचा, आणि हंड्याखालचा विस्तव घरातल्या कानून्यातून फावड्यावर आणलेला, कारण यिम्माच्या घरी काडी ओढून चूल पेटवत नसत. विस्तव विस्तवापासून यायचा. सकाळी गावावर तोफेचा गोळा पडला. दुपारपर्यंत निम्मी गल्ली निघून गेली. काळे झेंडेवाले येताहेत, पहारेकरी सोडून गेले, असं जो तो सांगत होता. सूर्य कलला तेव्हा भाऊ नूह पिकअप घेऊन फाटकात उभा राहिला आणि हॉर्न दाबून धरला. शमूनी आपलं घर बंद करून आईला घ्यायला आली होती. यिम्मा आतून अंथरुणं ओढत होती. ओढता ओढता ओरडली, 'शमूनी, कानूना झाक.' म्हणजे निखाऱ्यांवर राख ओढ. रोज रात्री करायचं काम. राखेखाली विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो. शमूनी स्वयंपाकघरात गेली. तिथे गहू धुवायची बादली होती, पाण्याने भरलेली. तिने बादली उचलली आणि कानून्यात ओतली.

फुस्स असा लांब आवाज झाला, पांढरी वाफ छतापर्यंत गेली, ओल्या राखेचा वास भरला. वळली तर दारात यिम्मा उभी होती. ती तशीच जाऊन पिकअपमध्ये बसली. त्या वाटेवर हजारो गाड्या, पायी चालणारी माणसं, मांडीवर कुणाचं तरी रडणारं मूल, आणि सगळा वेळ शेजारी यिम्माच्या ओढणीला तो ओल्या राखेचा वास.

नंतर लोकांनी विचारलं तर शमूनी म्हणे, शाळेत शिकवायचो ना आपण, घर सोडताना आधी आग विझवा, हातच तसा गेला. हे खोटं होतं. कानून्यात पाणी कधी ओततात हे तिला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. शेजारची राहेल म्हातारी वारली, तिच्यामागे त्या घरात कुणी नव्हतं, तेव्हा दफनाहून परतलेल्या बायकांनी तिच्या चुलीत एक घागर पाणी ओतलं होतं आणि घागर धरायला लहानग्या शमूनीला पुढे केलं होतं. 'घर संपलं की एवढंच करायचं असतं,' तेव्हा यिम्मानेच तिला सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशी बादली उचलणाऱ्या हाताला सगळं माहीत होतं. हात घाबरला नव्हता. हाताने मानलं होतं की हे घर संपलं. यिम्माने तेच पाहिलं होतं.

त्यानंतर यिम्मा सगळं बोलायची, भांडायची, नातवंडांना शिव्या द्यायची, पण कानूना हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. तंबूत असताना म्हणे 'ते', अंकावाच्या फ्लॅटमध्ये म्हणे 'तिथं', आणि गाव मोकळं झाल्यावर नूहबरोबर परत गेली तेव्हा म्हणे 'स्वयंपाकाची जागा'. शमूनी मात्र परतली नव्हती. अंकावात कोशाचं काम आहे, म्हणायची. लोकांना ते पटायचं.

आता चिठ्ठी लिहून टाकणं काही अवघड नव्हतं. यिम्माचं नाव, हन्ने, वय शहाऐंशी, तळ्याकडची गल्ली, वाक्य: कानूना झाक. वाक्य खरं होतं, फक्त साल चुकीचं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. एका सकाळी तिने पेन उघडून तसं लिहिलंही, मग हीटरच्या लाल कांड्यांकडे बघत बसली, आणि चिठ्ठी फाडून बारीक तुकडे केले. मग बॅग भरली. चोरून आणलेल्या वाक्यावर तिला काफ अक्षर उभं करायचं नव्हतं. यिम्माकडूनच घ्यायचं, आणि घ्यायचं तर आधी जे मोडलं ते उभं करायचं. हे एकदा ठरल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

टॅक्सी तीन चौक्यांवर थांबली. बगदेद्यात नूहचं घर, म्हणजे यिम्माचंच, बाहेरून नवं दिसत होतं. काळ्या झेंडेवाल्यांनी ते जाळलं होतं. नूहने चुना दिला होता, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काजळी चुन्यातून पिवळी होऊन वर आली होती. कानून्याच्या जागी तकतकीत फरशी होती. यिम्मा खुर्चीवर जपमाळ घेऊन बसलेली. तिने शमूनीच्या गालावर हात ठेवला, 'वाळलीस,' म्हणाली, आणि पुन्हा माळ ओढू लागली.

शमूनीने दुसऱ्या दिवशी छिन्नी आणली. पहिला घाव बसताच नूह धावत आला. 'खाथी, अगं बहिणी, वेडी झालीस का? गेल्या वर्षीच बसवलीय फरशी.'

'चार फरश्या काढते. बाकीच्या तुझ्या तुला.'

'कशासाठी?'

'चूल घालायचीय.'

नूहची बायको नजीबा दाराला टेकून बघत होती. 'खाथी, आमच्याकडे गॅस आहे हो,' ती म्हणाली. 'अंकावात नाही का मिळत? तुम्हाला सिलिंडरच भेट देते सणाला.'

'दे की. सिलिंडरवर बसून चूल घालीन,' शमूनी म्हणाली आणि घाव घालत राहिली. एकसष्ट वर्षांचे गुडघे फरशीवर टेकले की कळ डोक्यात जायची, पण कळ आली की तिला उलट बरं वाटायचं, काहीतरी खरंखुरं हाताला लागतंय असं. फरशीखाली सिमेंट, सिमेंटखाली मुरूम, आणि मुरुमाखाली एकदम काळी, भुसभुशीत, ओलसर माती. ती बोटांत घेतली तेव्हा राख असल्याचं तिला वास न घेताच कळलं. चार वर्षांपूर्वीची बादली अजून इथेच कुठेतरी मुरलेली होती. ती बराच वेळ त्या खड्ड्यावर ओणवी बसून राहिली. घर संपलं असं या हाताने सांगितलं होतं, आणि वर माणसं राहत होती, भांडत होती, दाराशी कोणीतरी चपला झटकत होतं.

माती तळ्याकाठची आणायची हे तिला आठवत होतं, पुढचं नव्हतं. शाळेच्या बाईला चूल कोण घालू देणार होतं. ती कायम पुस्तक घेऊन बसलेली. पहिलं लिंपण तिने केलं ते संध्याकाळपर्यंत तडकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते कडेने ढासळलं. नजीबा चहा घेऊन आली, पाहिलं, आणि चहा ठेवून परत गेली; काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी शमूनी मातीत पाणी घालत होती तेव्हा पाठीमागून काठीचं टोक आलं आणि तांब्या बाजूला सरकवला. यिम्मा खुर्ची सोडून उभी होती. काठीनेच तिने कोपऱ्यातली पिशवी दाखवली. पिशवीत बकऱ्याचे केस होते. म्हातारीने गुपचूप शेजारच्या तोमाकडून मागवले होते. शमूनीने केस मातीत मळले. काठी म्हणाली, अजून. काठी म्हणाली, पायाने. मग काठी थांबली. दिवसभरात यिम्माने एवढ्या सूचना दिल्या आणि त्या वस्तूचं नाव एकदाही घेतलं नाही. कोशाची एक कोरी चिठ्ठी शमूनीच्या झग्याच्या खिशात होती आणि ती तिथे आहे याची तिला लाज वाटत होती.

माती सुकवायला रॉकेलची सोपा शेजारी ठेवावी लागली, यावर नूह इतका हसला की त्याने फरशीचा राग सोडून दिला. 'सोपा चुलीची सुईण झाली,' म्हणाला. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी कडा टणक झाल्या. शम्माशाचा निरोप आला होता: आज संध्याकाळी अक्षर बंद करतोय. शमूनीने उत्तर दिलं नाही. तिने द्राक्षवेलीच्या वाळल्या काड्या रचल्या, नजीबाचा लायटर मागितला, आणि वाकली.

'त्यानं नाही,' यिम्मा म्हणाली.

तिला रीत माहीत होतीच. पण विस्तव मागायचा कुणाकडे? ती फाटकात येऊन उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीत गॅस, सोपा, निळ्या ज्योती; एकाही घरात लाकूड जळत नव्हतं. तीन हजार वर्षं हातातून हातात आलेला विस्तव, आणि आता उसना द्यायला कुणाकडे एक निखारा नाही. शमूनी जिन्यातल्या त्या पायरीवर पुन्हा उभी राहिली आहे असं क्षणभर झालं. मग चर्चची घंटा वाजली आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. आज सणाची आदली संध्याकाळ. चर्चच्या अंगणात काट्यांची होळी पेटणार होती, दरवर्षी पेटते तशी, तारणहार जन्माला आला म्हणून. तिने फावडं उचललं.

'बाई, कुणाला पुरायला निघालात?' शेजारचा तोमा ओरडला.

'तुलाच शोधतेय,' ती म्हणाली. 'पण आधी विस्तव.'

अंगणात गाव जमलं होतं, चार वर्षांपूर्वीच्या निम्मंही नसेल. काटे धडाधडा पेटले, सगळ्यांचे चेहरे तांबडे झाले, बायकांनी किलकाऱ्या मारल्या, आणि काटे बघता बघता राख होऊ लागले. काट्याला निखारा नसतो. शमूनी गर्दीत घुसली, पाद्र्यांच्या झग्याला खेटून पुढे गेली. बुंध्याशी कुणीतरी ऑलिव्हचे दोन ओंडके घातले होते. लोक रीतीप्रमाणे राखेवरून उड्या मारायला पुढे सरसावले तेव्हा एक साठी उलटलेली बाई फावड्याने ढिगात खुडबुड करत होती, आणि तिचे जुने विद्यार्थी, आता मिश्यांचे बाप्ये, बाई जरा सरा असं म्हणायला धजत नव्हते. तिला पाच निखारे मिळाले. तिने त्यांच्यावर राख घातली आणि निघाली. वारा समोरून होता. ती पाठमोरी चालू लागली, वाऱ्याकडे पाठ करून, फावडं पोटाशी धरून, एकेक पाऊल मागे टाकत. गल्लीत मुलं हसली. तिला त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर ती पुढे तोंड करून चालत आली होती आणि त्या दिवशी पिकअपमधून मागे वळूनही पाहिलं नव्हतं. आता गाव तिच्या डोळ्यांसमोरून एकेक घर करत सावकाश जात होतं, दिवे लागलेलं, दिवे न लागलेलं, कुलूप लावलेलं, आणि फावड्यातून पोटाला ऊब येत होती.

घरी पोचली तेव्हा दोन निखारे काळे पडले होते, तिसरा राखेत हरवला. उरलेल्या दोन निखाऱ्यांवर यिम्मा गुडघ्यांवर बसून फुंकू लागली. नूह तिला उठवायला पुढे झाला, नजीबाने त्याचा हात धरला. म्हातारीच्या फुंकरीत फारसा दम नव्हता, पण तिला कुठे फुंकायचं ते माहीत होतं. वेलीची एक काडी वाकली, धूर सुटला, आणि मग ज्योत आली. नजीबाने स्वतःहून बुर्गुलचं पातेलं आणून वर ठेवलं आणि म्हणाली, 'बघू या तुमची चूल, गॅसपेक्षा काय वेगळं शिजवते ती.'

बुर्गुल थोडा करपला. सगळ्यांनी खाल्ला. नूहने दोनदा घेतला. जेवण झाल्यावर दोघी मायलेकी तिथेच बसून राहिल्या. शमूनीचं चार वर्षांचं बोलणं साध्या शब्दांत बाहेर आलं.

'यिम्मा, त्या दिवशी हात चुकून गेला नव्हता. मला वाटलं होतं, संपलं.'

यिम्माने काठीने एक ओंडका आत सारला. 'मलाही तेच वाटलं होतं,' ती म्हणाली. 'म्हणून तर झाक म्हटलं.'

शमूनीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. यिम्मा बघत बसली. बाहेर कुणीतरी सणाचं गाणं म्हणत गल्लीतून गेलं. खिशात फोन एकदा थरथरला, शम्माशाचा असावा, मग शांत झाला. निखारे ज्योतीखाली बसत आले, लाल झाले, कडेने पांढरे पडू लागले. यिम्माने शमूनीच्या खांद्याचा आधार घेतला, कुरकुरत उभी राहिली, आणि झोपायला जाता जाता, रोजच्यासारखं, मागे न बघता म्हणाली,

'कानूना झाक गं. सकाळी लागेल.'

शमूनीचा हात खिशाकडे गेला. पेन तिथे होतं, कोरी चिठ्ठी होती, अंकावात छापखाना अजून उघडा असेल. मग तिने हात मागे घेतला, फावडं ओढलं, आणि निखाऱ्यांवर आधी राख घातली, कडेकडेने, एकही लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत.